आवराआवरीतले पाहुणे

परभणीचे पाहुणे आमच्या मॉरिशसच्या घरी आले ती २२ मे २०२५ ची दुपार. तोवर घरातल्या चार खुर्च्यांपैकी दोन विकल्या गेल्या होत्या, पडदे उतरले होते आणि दिवाणखान्याच्या भिंतीशी अकरा खोकी ओळीने उभी होती. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि आम्ही दोघे खोक्यांवर बसलो. "काय हो ताई, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर दिसतंय तसं दिसायलंय," वहिनी म्हणाल्या आणि सगळे हसलो. त्या हसण्याने पहिला अर्धा तास निभावला.

आधी थोडा खुलासा. आम्ही दोघेही परभणी जिल्ह्यातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एम. ए. एकाच वर्गात केले. हा पाहुणा मित्रही त्याच वर्गातला. जुलै २०२२ मध्ये मराठी शिकवण्याच्या तीन वर्षांच्या करारावर आम्ही मॉरिशसला गेलो. करार आमच्यापैकी एकाचा होता, दुसऱ्याने बिनपगारी रजा घेतली होती. कोणाचा करार आणि कोणाची रजा, याने पुढच्या हकिकतीत फरक पडत नाही, म्हणून सर्वत्र 'आम्ही' असेच लिहीत आहोत. फरक पडतो तो एका गोष्टीने. आमच्यापैकी एकाच्या जागेवरचे तास ही तीन वर्षे हा मित्र घेत होता, तासिका तत्त्वावर.

मराठीच्या प्राध्यापकांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही, विद्यार्थ्यांसाठी सांगतो. जितके तास शिकवाल तितक्या तासांचे मानधन, तेही महिनोन्महिने उशिरा. सुटीत काही नाही. सत्र संपले की नेमणूक संपली. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्याच्याकडे सेट आहे, पीएच. डी. आहे, आणि आमच्या दोघांपेक्षा त्याचा मध्ययुगीन वाङ्मयाचा अभ्यास खोल आहे, हे आम्ही त्याच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही. कायम जागेच्या जाहिराती निघायच्या त्या वर्षांत त्याचे वय आणि सरकारचे धोरण यांची गाठच पडली नाही. अशा अध्यापकाला कागदोपत्री कुठे कुठे 'अतिथी व्याख्याता' म्हणतात. आमच्याकडे नुसते 'सीएचबी' म्हणतात, आणि कायम प्राध्यापकांच्या खोलीत त्याच्यासाठी बहुधा खुर्ची नसते.

आम्ही परतलो की त्याचे तास जाणार होते. हे त्याला ठाऊक होते, आम्हांला ठाऊक होते, वहिनींना ठाऊक होते. तरी तो आला. निघताना परभणीच्या फलाटावर आम्ही "एकदा तरी या" म्हटले होते. असे आपण सगळेच म्हणतो. तीन वर्षे त्यांना जमले नाही. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. एप्रिलमध्ये त्यांची भिशी लागली, तिकिटे त्या पैशांतून निघाली. आम्ही अर्धे पैसे देऊ केले, त्यावर फोनवर पलीकडून उत्तर आले नाही, फक्त "देवगिरीचं रिझर्व्हेशन झालंय" एवढे ऐकू आले. मुंबईपर्यंत देवगिरी एक्सप्रेस, पुढे सहा-साडेसहा तासांचे विमान. भारतीयांना इथे यायला आगाऊ व्हिसा लागत नाही, याचे वहिनींना फार कौतुक. "औरंगाबादला जाण्याइतकं सोपं की," त्या म्हणाल्या. शहराचे नाव बदलले हे त्या वर्गात मुलांना सांगतात, घरात विसरतात.

आवराआवर चालू असलेल्या घरात पाहुणचार करणे ही एक विचित्र अवस्था आहे. यजमानपणाला भांडी लागतात, अंथरुणे लागतात, जास्तीचा एक टॉवेल लागतो. आमच्याकडे ताटे चार होती, पण वाट्या दोनच. बाकीच्या कागदात गुंडाळून सातव्या की आठव्या खोक्यात गेल्या होत्या. तवा तर घरमालकीणबाईंना देऊन टाकला होता. आणि वहिनींनी पिशवीतून काढले ते नेमके ज्वारीचे पीठ! पाच किलो, परभणी मोतीचे, जुन्या साडीच्या पिशवीत बांधून आणलेले. (परभणी मोती हा रब्बी ज्वारीचा वाण आमच्या कृषी विद्यापीठाचा. पांढरीशुभ्र, टपोरी, मोत्यासारखीच.) सोबत येसर, कारळाची चटणी, जवसाची चटणी, आणि प्लास्टिकच्या डब्यात वाळवलेली अंबाडी. तीन वर्षांत आम्ही भाकरी खाल्ली नव्हती असे नाही, पण जी खाल्ली तिला भाकरी म्हणणे जिवावर यायचे.

मग दिलेला तवा परत मागायला जावे लागले. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, मराठी घराण्यातल्या. त्यांच्या पणज्याला रत्नागिरीकडून आणलेले, असे त्या सांगतात. इथली बहुतेक मराठी घराणी कोकणातली. घरात क्रिओल बोलतात, म्हाताऱ्या माणसांना भोजपुरी येते, हिंदी चित्रपटांमुळे हिंदी समजते. मराठी मुले शाळेत शिकतात आणि गणेश चतुर्थीला, जी तिथे सार्वजनिक सुटी असते, ती आरतीपुरती जिवंत होते. झाकरी नाचतात, गोंधळ घालतात, आणि गाण्यांतल्या कित्येक शब्दांचा अर्थ आम्हांलाच विचारतात. आम्हांलाही तो नेहमी सांगता आला असे नाही. मालकीणबाईंची मराठी ही अशी सणावारची. तवा देताना मात्र त्या स्वतः आल्या, वहिनींच्या हातची भाकरी फिरताना पाहत ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माजी आजी असा करत होती." गव्हाच्या फराट्या लाटणाऱ्या त्या बाईने थापलेली भाकरी आजीनंतर पाहिली नव्हती.

त्या रात्री पाहुण्यांनी स्वयंपाक केला आणि यजमान जेवले. येसराची आमटी, भाकरी, चटणी. पुढचे नऊ दिवस बहुतेक हेच चालले. आम्हांला याची लाज वाटत होती, आणि जेवणही दोन घास जास्त जात होते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडची प्रवासवर्णने बहुधा पाहुण्यांनी लिहिलेली आहेत. गंगाधर गाडगीळ असोत, पु. ल. असोत, 'अपूर्वाई' शिकवताना आपण लेखकाची नजर, विनोद, शैली यांवर टिपणे काढतो. पण परदेशी उतरलेल्या कोणत्याही मराठी माणसाला स्टेशनावर घ्यायला येणारा, वरणभात घालणारा आणि रविवारी गाव दाखवणारा जो कोणी मराठी यजमान असतो, तो पानाच्या कडेला उभा असतो. त्याच्या घरात काय चालले आहे हे लेखकाला कळायचे कारण नसते. मीना प्रभूंसारख्या तिथेच राहणाऱ्या लेखिकेने लंडनवर लिहिले तेव्हा ही बाजू थोडी उलटली. परंतु परतीच्या वाटेवरचा यजमान, ज्याचे घर आता धड त्याचेही नाही, तो आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. कदाचित खोकी बांधताना लिहायला वेळ मिळत नसेल.

तर खोकी. अकरांपैकी आठ खोकी पुस्तकांची. समुद्रमार्गे माल पाठवायचा तर भाडे घनमीटरवर आकारतात, थोड्या मालालाही किमान आकारणी असते, वर न्हावाशेव्याला सोडवून घेण्याचा खर्च आणि दलाल. हिशेब मांडला तेव्हा पुस्तके नव्याने विकत घेणे स्वस्त पडेल असे दिसले. पण त्यांतली निम्मी आता छापली जात नाहीत. आणि काहींच्या समासात आमच्या एम. ए.च्या काळातली, तिघांच्या अक्षरांतली टिपणे आहेत. १५ जानेवारी २०२४ च्या बेलाल चक्रीवादळात छप्पर गळून दोन खोकी भिजली होती. ती पाने फुगून पुस्तके पावासारखी झाली होती. हीही टाकवत नव्हती.

मित्राने तिसऱ्या दिवशीच पुस्तके ताब्यात घेतली. आम्ही त्यांना पांपलमूसची बाग दाखवायची, समुद्र दाखवायचा असे बेत आखले होते. समुद्र त्याने एकदा पाहिला, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, "खारं असतंय हे खरंच," म्हणाला आणि परत येऊन फरशीवर मांडी घालून बसला. तीन ढीग केले: नेलेच पाहिजे, नेता आले तर, आणि इथेच ठेवा. तिसऱ्या ढिगातली पुस्तके इथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना द्यायची होती. १९७० साली स्थापन झालेल्या मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, पण मुलांच्या स्वतःच्या कपाटात मराठी पुस्तके अपवादानेच दिसत. बी. रघुनाथांचे पुस्तक त्याने पहिल्या ढिगातून तिसऱ्यात टाकले. आम्ही आक्षेप घेतला. परभणीच्या लेखकाला परभणीला न्यायला नको? "परभणीत आहेत की ते," तो म्हणाला. "इथं कुणी ऐकलंय का त्यांचं नाव?" १९५३ साली चाळिशीतच गेलेल्या त्या लेखकाबद्दल एवढे बोलणे त्या दुपारी पुरेसे होते.

पाचव्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेलो. खरे तर पाहुण्यांना तिथे न्यावे की नाही यावर आमचे आधी बोलणे झाले होते. मित्राचे आईवडील गंगाखेड तालुक्यातून दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जात. हा आजीजवळ गावात राहून शिकला. त्याने यावर कधी कविता लिहिली नाही, आत्मकथन लिहिले नाही. लोकांनी सुचवले तेव्हा विषय बदलला. आणि हा घाट म्हणजे ऊसमळ्यांवर मजूर उतरवून घेण्याची जागा. १८३४ पासून १९२० पर्यंत भारतातून सुमारे पाच लाख माणसे करारावर या बेटावर आली, काही इथून पुढच्या वसाहतींत पाठवली गेली. २००६ मध्ये युनेस्कोने घाट जागतिक वारशाच्या यादीत घेतला. उरले आहे ते थोडेच: काळ्या दगडाच्या पायऱ्या, काही खोल्यांचे अवशेष, शेजारी माहितीचे दालन.

दालनात त्याने सगळे फलक वाचले. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये, वर शिधा. प्रत्येकाला एक क्रमांक. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. नाव साहेबाला जसे ऐकू आले तसे.

"उचल होती का?" त्याने विचारले.

होती, आम्ही म्हटले. काही महिन्यांचा पगार आगाऊ देत.

"मग मुकादमही असल."

तोही होता, इथे त्याला सरदार म्हणत.

तो पुढे काही बोलला नाही. बराच वेळाने, पायऱ्यांपाशी, वहिनींना म्हणाला, "आपल्याकडं जोडीला कोयता म्हणतेत. माणसं दोन, मोजायचं एक. हितं एकाला एक नंबर तरी होता." वहिनी त्याला म्हणाल्या, चला, ऊन लागायलंय. ऊन फार नव्हते. मे महिन्यात मॉरिशसला थंडीची चाहूल लागलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. करार एक वर्षाने वाढवण्याची विचारणा आम्हांला मार्चमध्ये झाली होती. आम्ही नाही म्हटले होते. कारणे खरी होती. परभणीला वडील एकोणऐंशी वर्षांचे, वसमत रस्त्यावरचे घर बंद. रजा आणखी वाढवून मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि वाढली नसती तर आमचीच जागा धोक्यात आली असती. त्याशिवाय, वर्णमालेपासून शिकवून शिकवून आम्ही थकलो होतो. एखाद्या अभंगावर तासभर बोलावे आणि समोरच्याने वाद घालावा, याची भूक लागली होती. पण यांतले काहीच आम्ही मित्राला कळवले नव्हते. एक वर्ष आम्ही राहिलो असतो तर एक वर्ष त्याचे तास राहिले असते. जागा आमचीच आहे, असे आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगितले होते की ते सांगावे लागते आहे याचीच शंका यावी.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मालकीणबाई भाकरी खायला आल्या. वहिनींशी हिंदी-मराठीत गप्पा रंगल्या आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, "इनको एक साल और रुकने को बोला था. ये लोग माने नहीं. आप बोलो ना."

कुणाच्याही हातातला घास थांबला नाही. चित्रपटात थांबतो. मित्राने आणखी एक भाकरी घेतली, कारळाची चटणी मागितली. वहिनी उठून पाणी आणायला गेल्या. आम्ही दोघे मालकीणबाईंकडे पाहत हसत राहिलो, आणि त्यांना वाटले आपण काही बरे बोललो.

रात्री खोक्यांना चिकटपट्टी लावताना आम्ही विषय काढला. म्हणजे आमच्यापैकी एकाने काढला, दुसरा गप्प राहिला. तुला सांगायला हवे होते, असे म्हटले.

"सांगितलं असतं तर मी काय म्हणलो असतो?" तो म्हणाला. "या, असंच म्हणलो असतो. मग ते म्हणायला लागलं असतं. नाही सांगितलं ते बरं केलंत."

त्याने हे रागाने म्हटले की नाही, हे आम्हांला आजही ठरवता आलेले नाही. आमच्यापैकी एकाला वाटते, राग होता. दुसऱ्याला वाटते, नव्हता. व्यवस्थेला दोष देता येतो आणि तो द्यायलाही हवा. वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवलेल्या जागा, त्यांवर तासाच्या भावाने लावलेली माणसे, हे आम्ही सभांतून बोललो आहोत. पण त्या रात्री व्यवस्था खोलीत नव्हती. चिकटपट्टीचा रोल होता आणि तो तिघांत एकच होता.

वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना स्पष्ट बोलल्या. "ताई, मला राग आला होता. तुम्ही आल्याचा नाही. आम्ही इतक्या लांब आलो अन् तुम्ही आम्हाला परक्यासारखं जपायलात, त्याचा." यावर उत्तर नव्हते. त्यांनी वाटी पुसून पालथी घातली आणि म्हणाल्या, ही वाटी कुठल्या खोक्यात टाकायची?

उरलेले दिवस चांगले गेले, हे लिहिताना आम्हांलाच आश्चर्य वाटते. ढोल पुरी खाल्ली, बाजार केला. मराठवाड्यात त्या मे महिन्यात अवकाळी पाऊस कोसळत होता. रोज सकाळी फोनवरून कुणाचे काय भिजले याच्या बातम्या येत आणि आम्ही चौघे त्या ऐकत चहा पीत असू. तिथली घड्याळे परभणीच्या दीड तास मागे, त्यामुळे बातमी येई तेव्हा तिकडे दिवस वर आलेला असे.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, विभागातल्या कपाटाची किल्ली. आमची तिथे राहिलेली पुस्तके तीन वर्षे त्याने सांभाळली होती. किल्लीला सुतळी बांधलेली होती. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या रिकाम्या बॅगा. येताना ज्वारीचे पीठ, चटण्या, आमच्या घरून पाठवलेले लोणचे, पापड, वडिलांनी दिलेली दोन घोंगडी अशा भरून आलेल्या बॅगा परत जाताना हलक्या होत्या. दोघांच्या सामानाच्या मर्यादेत बत्तीस किलो जागा शिल्लक होती, त्याने वजनकाट्यावर मोजून पाहिली होती. "पहिला ढीग आमच्याबरोबर जाऊ द्या," तो म्हणाला. आम्ही नको म्हटले. खरोखरच नको वाटत होते; त्याचे तास घेणार आम्ही, आणि त्या तासांना लागणारी पुस्तके उचलून नेणार तो. हे शब्दांत सांगणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही वहिनींच्या पाठदुखीचे कारण पुढे केले. "माझी पाठ कशाला मधी आणायलात?" वहिनी म्हणाल्या.

बत्तीस किलो गेली. विमानतळावर एका बॅगेचे वजन दीड किलोने जास्त भरले. त्याने बॅग उघडली, वरचे दोन जाड कोश काढून काखेत घेतले आणि तसाच आत गेला. काचेपलीकडून त्याचा हात हलवता येईना.

आम्ही दोन आठवड्यांनी परतलो आणि रुजू झालो. त्याला त्या वर्षी आमच्या विभागात तास मिळाले नाहीत. आम्ही प्रयत्न केले. ते किती मनापासून आणि किती वेळेवर केले हे आमच्यापाशी राहू द्या. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या महाविद्यालयात आठवड्याचे नऊ तास मिळाले. सकाळी सातच्या एसटीने जातो, दोनपर्यंत परततो. रविवारी चौघे भेटतो, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. वाट्या आता भरपूर आहेत.

विभागातले कपाट पहिल्या दिवशी उघडले. मॉरिशसहून त्याने आणलेली पुस्तके आधीच्या पुस्तकांत मिसळून, लेखकांच्या क्रमाने लावलेली होती. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या अक्षरातली यादी चिकटवलेली; भिजलेल्या पुस्तकांपुढे 'बेलाल, २०२४' अशी नोंद. कपाटाला किल्ल्या दोन होत्या. एक त्याने आम्हांला मॉरिशसला आणून दिली. दुसरी अजून त्याच्याकडे आहे. आम्ही मागितलेली नाही, त्यानेही दिलेली नाही.